पारबताबाई आणि एक जून

बेहडाटोलीत माझ्या हातून शिकलेली सगळी माणसं एक जूनला जन्मली आहेत. मुलं, मुली, एका घरातले चार भाऊ, झाडून सगळी. हा पराक्रम माझ्या एकट्याचा नाही, त्या काळच्या बहुतेक गुरुजींनी तो केला आहे. आई सांगायची, "धान लोंबीवर होतं तवा झाला." बाप सांगायचा, "कबरी गाय व्याली त्याच्या दुसऱ्या रोजी." रजिस्टरात गायीसाठी रकाना नसतो. मग गुरुजी पोराच्या तोंडाकडे बघायचे, पडलेले दात मोजायचे आणि अंदाजानं एक साल धरून पुढे एक जून ठोकून द्यायचे. शाळा जूनमध्ये उघडते, वय काढायला सोपं जातं. आम्ही मास्तर मंडळी मासिक सभेला भेटलो की यावर पोट धरून हसायचो. माझं हसणं पारबताबाईमुळे थांबलं.

तिच्याबद्दल मी आजवर कुणाला नीट सांगितलेलं नाही. सांगायला लागलो की अर्ध्यावर येऊन अडतो, कारण पुढचा अर्धा भाग माझाच असतो.

आंबागडचा जुना किल्ला ज्या डोंगरावर आहे, त्याच्या मागच्या अंगाला जंगलात आमची टोली होती. एस.टी. खालच्या गावात सोडून द्यायची. तिथून दोन कोस चढ. मी एकोडीचा, धानाच्या सपाट मुलखातला, चढायची सवय बांधीच्या, म्हणजे धानाच्या खाचराच्या, धुऱ्यावर चढण्याइतकीच. सत्तर सालच्या जूनमध्ये वळकटी खांद्यावर घेऊन वर पोचलो तेव्हा धापा टाकत शाळेच्या ओसरीवर बसलो. एक उंच, सडपातळ बाई डोक्यावर पाण्याची गुंड घेऊन आली. कासोटा घातलेलं लुगडं, कोपरापर्यंत गोंदण. तिनं गुंड उतरवली, मला पाणी दिलं आणि मी पिऊन होईपर्यंत बघत उभी राहिली.

"किती दिवस रायता जी?" तिनं विचारलं.

"म्हणजे?"

"मागचे गुरुजी पोळ्यापर्यंत होते. त्याच्या आधीचे दिवाळीपर्यंत. म्हून इचारलं."

ही पारबताबाई. शाळेत पाणी भरणं, झाडणं हे तिचं काम. वय पस्तिशीच्या आसपास असेल. नवरा लाकूडतोडीच्या कामावर झाडाखाली सापडून गेला, तेव्हा मुलगी पोटात होती. तेव्हापासून ती दिराच्या, महागूच्या घरात राहत होती. महागू माणूस वाईट नव्हता. दोन बांध्या धानाच्या, घरात आठ तोंडं, आणि भावजय नि तिची पोर नववी-दहावी. खाऊ घालत होता, पण घरातला शब्द त्याचाच चाले.

पारबताबाईला लिहिता-वाचता येत नव्हतं. सही म्हणून ती अंगठा द्यायची आणि दिल्यावर शाई केसांना पुसायची. पण टोलीतल्या पोरींनी शाळेत बसलं पाहिजे, हा ध्यास तिनं कुठून घेतला होता कोण जाणे. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "माह्या नवऱ्याच्या मागं एक कागद आला होता. सरकारचा. चार रोज पदरात बांधून फिरलो, पन वाचून देनारा भेटला नाई. भेटला तवा तारीख निघून गेली होती." तिकडच्या बायका स्वतःबद्दलही 'मी फिरलो, मी आलो' असंच बोलतात. मला सुरुवातीला गंमत वाटायची. या वाक्याला मात्र वाटली नाही.

तिची काम करायची रीत बघण्यासारखी होती. भाषण नाही, उपदेश नाही. सकाळी एकेका दारात जाऊन उभी राहायची आणि सौदा करायची.

"बुढे, तुही नात दे, शाळेत नेतो."

"मंग पानी कोन आनंन?"

"मी आनतो."

आणि खरंच आणायची. कुणाच्या दोन गुंडा पाणी, कुणाची बकरी बांधून यायची, कुणाचं अंगण सारवायचं. पोरीचं काम ती स्वतःच्या डोक्यावर घ्यायची आणि बदल्यात पोरीची सकाळ मागून आणायची. मी म्हटलं, "पारबताबाई, अशानं तुम्ही मराल." ती म्हणाली, "मरत नाई जी. बुढ्या लय चिवट रायतात." तेव्हा ती बुढी नव्हती, पण स्वतःला बुढी म्हणवून घ्यायची तिला हौस होती. बुढीला कुणी नाही म्हणत नाही, हे तिनं हेरलं होतं.

तरी एक अडचण उरायचीच. पाणी पारबताबाई आणील, पण कडेवरचं लहान भावंड? टोलीतल्या प्रत्येक सहा-सात वर्षांच्या मुलीच्या कडेवर एक पोर चिकटलेलंच असायचं. त्यावर तिनं जो तोडगा काढला, तसा मी पुढच्या तीस वर्षांच्या नोकरीत कुठंही पाहिला नाही. जुन्या लुगड्यांच्या झोळ्या करून तिनं शाळेच्या ओसरीच्या आड्याला बांधल्या. आधी दोन, मग चार, मग सात. सगळ्या झोळ्यांना एकच दोरी ओवली आणि तिचं टोक आपल्या पायाच्या अंगठ्याला बांधलं. भिंतीला टेकून ती तांदूळ निवडत बसायची, पाय हलवायची, आणि सात पोरं एकदम झोके घ्यायची. आत त्यांच्या बहिणी बे एके बे म्हणायच्या. दार उघडंच असे. तिच्या जागेवरून तिला फळा दिसे आणि फळ्यापाशी उभ्या असलेल्या मला ती दिसे.

"इथंच बसता तर शिकून घ्या की," मी एकदा म्हणालो.

आमच्याकडे धान भरून झालं की ढोलीचं तोंड शेणमातीनं लिपून टाकतात. ती म्हणाली, "माही ढोली लिपून झाली गुरुजी. आता तिच्यात दाना जात नाई. अन् तुमी हाव ना लिवाले? तुमी लिवलं म्हंजे झालं."

हे वाक्य ती सहज बोलली. मीही सहज ऐकलं, आणि मनातून थोडा फुगलोसुद्धा. बावीस-तेवीस वर्षांच्या मास्तरला कुणी असं म्हटलं की फुगायला होतं.

पहिल्याच वर्षीची गोष्ट. शिक्षण खात्याचे साहेब येणार असा निरोप आला. पटावर सहा वर्षांवरची वीस नावं नसतील तर शाळा बंद करून खालच्या गावाला जोडणार, असं खालून कळलं होतं. खालच्या गावाला जोडणार म्हणजे मुलं दोन कोस उतरून जातील, मुली जाणार नाहीत. हे पारबताबाईला माझ्याआधी समजलं. तिनं तीन दिवसांत टोली पालथी घातली. एकोणीस नावं झाली. विसावं काही केल्या मिळेना.

साहेब येण्याच्या आदल्या दुपारी ती स्वतःच्या मुलीला घेऊन आली. सुकवंता, सगळे सुकी म्हणायचे. नाक गळतंय, हातात अर्धी भाकर, डोळे टपोरे.

"हिचं नाव लिवा."

"लहान आहे हो."

"हाय लहान. पन बसंन. झोळीतल्यापेक्षा मोठी हाय ना?"

"जन्म कधीचा?"

आणि टोलीत पहिल्यांदा एका आईनं मला नेमकी तिथी सांगितली. "बोडीची पार फुटली ना, त्या साली. मारबतीच्या दिवशी. पहाटे."

आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत काढतात. पहाटेच गावातली रोगराई, ईडापीडा, जे काही वाईट असेल ते ओरडत ओरडत गावाच्या शिवेबाहेर नेऊन टाकतात. त्या दिवशी मुलगी झाली म्हणून सासूनं कपाळावर हात मारला होता म्हणे. पारबताबाई ते सांगताना हसली. "मी म्हनलं, साऱ्या गावाचं वंगाळ बाहेर गेलं अन् माही पोरगी आत आली. हिच्यासारखी चांगल्या येळेची कोन हाय?"

बोडी, म्हणजे टोलीचं लहान तळं, फुटली ते साल पासष्ट. म्हणजे मुलगी पाच वर्षांचीसुद्धा नव्हती. मला विसावं नाव सहा वर्षांचं हवं होतं. मी टाक उचलला आणि लिहिलं: १-६-१९६४.

"लिवलं का मारबतीचं?" तिनं विचारलं.

"लिहिलं," मी म्हणालो.

पुढे काय होणार हे मला माहीत नव्हतं, हे खरं. पण ती वाचू शकत नाही, हे मला माहीत होतं. हेही खरंच.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. त्यांना पट दिसायच्या आधी झोळ्या दिसल्या. "ही शाळा आहे की बाळंतिणीचा वॉर्ड? काढा हे सगळं!" ते माझ्यावर ओरडले. मी घाबरून आड्याकडे हात नेला. पारबताबाई जागची उठली नाही. पाय हलवत म्हणाली, "काढा जी. पन साहेब, हे लेकरं उठून रडतीन, मंग त्यायच्या बहिनी उठून बाहेर येतीन, मंग तुमी मोजान कोनाले?"

साहेबांनी आत डोकावून पाहिलं. अकरा मुली भिंतीला पाठ लावून, श्वास रोखून बसल्या होत्या. त्यात सुकी. साहेबांनी खुर्ची ओसरीवरच मागवली आणि रजिस्टर तपासताना एका झोळीला स्वतः झोका दिला. विसावर वीस. शाळा वाचली. त्या संध्याकाळी पारबताबाईनं मला मोहाच्या फुलांची भाकर आणून दिली, आणि मी ती मिटक्या मारत खाल्ली.

मोहाचं आठवलं म्हणून सांगतो. फाल्गुन-चैत्रात मोह गळतो. आख्खी टोली उजाडायच्या आत टोपल्या घेऊन जंगलात असायची आणि शाळा रिकामी. पहिल्या वर्षी मी रिकाम्या खोलीत हजेरी मांडून बसलो. दुसऱ्या वर्षी ती म्हणाली, "मोह काई शाळेत येनार नाई. गुरुजीले दोन पाय हायत." मग आम्ही मोहाखाली शाळा भरवायला लागलो. टोपली भरली की मुली तिथंच जमिनीवर फुलांची अक्षरं मांडायच्या. फुलांचा 'क', फुलांचा 'म'. सुकीचा 'श' सगळ्यांत देखणा यायचा. पाठ संपला की 'श' गोळा करून टोपलीत. पारबताबाई दुरून बघायची आणि म्हणायची, "अक्षर बी झालं, आन फूल बी वाया गेलं नाई."

सुकी हुशार निघाली. वयानं लहान म्हणून मी तिला पहिलीत दोन वर्षं बसवली, त्यानंतर तिनं कुणाला पुढे जाऊ दिलं नाही. दुसऱ्याच्या भावाला मांडीवर थोपटत पाढे म्हणायची. चौथी इथं झाली. सातवीपर्यंत खालच्या गावात बाकीच्या पोरांबरोबर उतरून गेली. पारबताबाईचं तोपर्यंत ठरलं होतं, आणि ते तिनं टोलीभर सांगितलं होतं: "माही सुकी म्याट्रिक होईन, मंग मास्तरकीचं शिकंन, अन् याच शाळेत बाई होऊन येईन. पोट्ट्यायले बाई पायजे. गुरुजी चांगले हायत, पन गुरुजीले पोट्ट्या सारंच थोडी सांगतात?"

मला याचा रागही आला नाही. बरोबरच होतं तिचं.

सातवीनंतर गाडं अडलं. सोबतची मुलं शाळा सोडून बांध्यांत उतरली होती. पुढचं हायस्कूल आणखी लांब, आणि जंगलवाटेनं एकटी मुलगी पाठवायला महागू तयार नव्हता. त्याचंही काही चूक नव्हतं. पारबताबाईनं भांडण केलं नाही. ती सोबत शोधायला लागली. मागच्या वर्गातल्या दोन मुली सातवी होईपर्यंत तिनं दोन वर्षं वाट पाहिली. त्या दोघींच्या घरची धुणी धुतली, रोवणीला त्यांच्या बांधीत राबली, आणि एकदाची तिघींची सोबत जमवून सुकीला आठवीत घातलं. उन्हाळा-पावसाळा ती रोज संध्याकाळी टेकडीच्या तोंडाशी जाऊन उभी राहायची. तिघी दिसल्या की मागं न बघता घराकडे चालायला लागायची, जणू सहज आली होती.

ब्याऐंशीच्या दिवाळीनंतर धान घरात आलं आणि महागूनं सुकीचं लग्न काढलं. मुलगा पवनीकडचा, कोंढ्याच्या बाजूचा, चार बांध्या, ओलिताची सोय. स्थळ खरंच चांगलं होतं. माघात तिथी निघाली. सुकीची मॅट्रिकची परीक्षा मार्चमध्ये होती.

पारबताबाई दिरापुढे पहिल्यांदा उभी ठाकली. ते बोलणं शाळेच्या ओसरीवरच झालं, म्हणून मला ऐकू आलं.

"भाऊजी, येती मारबत होऊ द्या. मंग करा. मी आडवी येत नाई."

"काहून? मारबतीले काय हाय?"

"तवा अठरा पुरे होतेत. सरकारचा कायदा हाय. गुरुजीनं सांगतलं."

मीच सांगितलं होतं. कायदा तेव्हा नवा होता आणि मी सभेत ऐकून आलो होतो. आल्या आल्या फुशारकीनं तिला सांगितला होता.

महागू म्हणाला, "पोरगी म्हंजे पऱ्हं, वैनी. एका बांधीत उगवते, दुसऱ्या बांधीत रोवाच लागते."

"पऱ्हं बी कवळं उपटलं तं सडते. तुमी काय मले धान शिकवता?" ती म्हणाली. "माह्या तोंडावर जाऊ नका. चला, गुरुजीच्या रजिस्टरात पाहू. त्यात मारबतीचं लिवलं हाय. मी सवताच लिवून घेतलं."

दोघं आत आले. ती दारात थांबली, नेहमीसारखी उंबऱ्याला टेकून. मला अजून तिचा चेहरा दिसतो. तिला काळजी नव्हती. थोडं हसू होतं, भांडण जिंकलेल्या माणसाचं असतं तसं.

मी कपाट उघडलं, सत्तर सालचं रजिस्टर काढलं. विसावं नाव. माझंच अक्षर, वळणदार. महागू दुसरीपर्यंत शिकलेला होता, आकडे त्याला कळत होते. तो माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता.

तेव्हाही मला बोलता आलं असतं. 'हे मी खोटं लिहिलं आहे, खरं वय ती सांगते तेच' एवढं एकच वाक्य. पण ते बोललो असतो तर सत्तरचा अख्खा पट खोटा ठरला असता. चौकशी लागली असती. त्याच वर्षी असल्याच कारणावरून आमच्या भागातला एक मास्तर घरी बसला होता. माझी दोन मुलं लहान होती. ही सगळी कारणं माझ्यापाशी तयार होती, आणि त्यांना गोळा व्हायला एक क्षणसुद्धा लागला नाही.

मी वाचलं, "एक जून एकोणीसशे चौसष्ट."

महागूनं बोटांवर मोजलं. "म्हंजे अठरा होऊन गेले की! जूनमंदीच."

पारबताबाई क्षणभर तशीच हसऱ्या तोंडानं उभी राहिली. मग समजुतीच्या सुरात, मी चुकलो असेन आणि मला वाईट वाटू नये अशा बेतानं म्हणाली, "गुरुजी, ते दुसऱ्या कोनाचं वाचलं तुमी. माह्या सुकीचं वाचा."

"सुकवंताचंच आहे," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे बघितलं. मी रजिस्टरकडे बघितलं.

महागूनं दाखला मागितला. मी लिहून दिला, शिक्का मारला. तो गेला. ती मात्र दारातच राहिली. ओरडली असती, शिव्या दिल्या असत्या, तर मी कदाचित बोललो असतो. तिनं फक्त विचारलं, "मी सांगतलं होतं ना मारबतीचं? का मीच भुललो?"

"खूप दिवस झाले, पारबताबाई," मी म्हणालो. हे शब्द माझेच होते. कुणी मला शिकवले नव्हते.

माघात सुकीचं लग्न झालं. मी अक्षता टाकायला गेलो, न जाऊन चालणार नव्हतं. नवरीच्या वेशातल्या सुकीनं वाकून माझ्या पाया पडताना हळूच विचारलं, "गुरुजी, परीक्षेचा कागद आला काय?" आला नव्हता. लग्नानंतर नऊ दिवसांनी हायस्कुलातून तिचं प्रवेशपत्र घेऊन एक मुलगी वर आली. मी ते पारबताबाईकडे दिलं. तिनं ते दोन्ही हातांत धरलं आणि विचारलं, "यावर बी तुमचीच तारीख हाय काय?"

होती. मी मान हलवली. तिनं कागद घडी करून पदरात बांधला आणि गुंड उचलून पाण्याला गेली.

तिनं काम सोडलं नाही. मला वाटलं होतं सोडेल, आणि खरं सांगायचं तर मनातून मला ते बरंही वाटलं असतं. पण दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी दारोदार फिरली, मुली घेऊन आली, झोळ्या बांधल्या, अंगठ्याला दोरी अडकवून भिंतीला टेकली. फक्त मी असताना आत येणं बंद झालं. पाण्याची गुंड उंबऱ्याबाहेर ठेवायची, झाडायला माझी येण्याची वेळ टाळून यायची. 'गुरुजी' म्हणून हाक मारणंही संपलं. काही हवं असेल तर एखाद्या मुलीला म्हणायची, "आत सांग." तिच्या मनात नेमकं काय होतं, मला कधी कळलं नाही. तिला सगळं उमगलं आहे असं कधी वाटे, कधी वाटे ती स्वतःच्याच स्मरणशक्तीला दोष देत बसली असेल. दुसरं जास्त वाईट होतं, आणि ते थांबवणं माझ्या हातात होतं. सहा वर्षं मी ते थांबवलं नाही. मी रोज फळ्याच्या कोपऱ्यात तारीख घालायचो, वळायचो, आणि दारातून ती दिसायची. तिची नजर फळ्यावर असायची. मला वाटायचं, ती कुठंच बघत नाही.

एकोणनव्वदच्या जूनमध्ये माझ्या बदलीचा हुकूम आला, साकोलीच्या बाजूला, घराजवळ. मी इतकी वर्षं मागत होतो ती बदली. शाळेच्या पहिल्या आठवड्यात प्रवेश उरकून नव्या गुरुजींच्या हाती चार्ज द्यायचा, असं ठरलं. त्या आठवड्यात एका सकाळी दारात सावली पडली. वर बघितलं तर पारबताबाई. आता खरंच बुढी झालेली, केस पांढरे. हाताला धरून एक मुलगी. नाक गळतंय, डोळे टपोरे. कुणाची हे विचारायची गरज नव्हती.

सहा वर्षांनंतर ती माझ्यासमोर उंबऱ्याच्या आत आली. "सुकीची हाय," ती म्हणाली. "सुकीनं माह्यापाशी धाडली. म्हनते, तुह्याच ओसरीवर शिकव. नाव लिवा."

मी रजिस्टर उघडलं. नाव लिहिलं, बापाचं नाव, गाव लिहिलं. तिनं पदराची गाठ सोडून वहीच्या कागदाचा चतकोर पुढे ठेवला. सुकीचं अक्षर मी कुठंही ओळखलं असतं. शिसपेन्सिलीनं लिहिलं होतं: १४-१२-१९८३. पाच वर्षं पुरी होऊन सहावं चालू. आता पाचला घेत होते, काही वाढवायची गरज नव्हती. गरज असती तर मी काय केलं असतं, हे मात्र मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

मी तारीख लिहिली. टाक खाली ठेवला.

"इकडं फिरवा," ती म्हणाली.

"काय?"

"रजिष्टर. माह्याकडं तोंड करून ठेवा."

मी ते फिरवून तिच्या पुढे सरकवलं. पारबताबाईनं डाव्या हातात तो चतकोर धरला आणि उजव्या हाताचं बोट माझ्या ओल्या शाईच्या किंचित खाली, डाग पडणार नाही एवढ्या अंतरावर टेकवलं. "एक. चार," ती म्हणाली. बोट पुढे सरकलं. "एक. दोन." मग सगळ्यात लांबचा आकडा. त्याला वेळ लागला. कागदावर एकदा, रजिस्टरावर एकदा, पुन्हा कागदावर. "एक. नऊ. आठ. तीन." बाजूला उभी नात आजीच्या बोटाकडे बघत होती.

"कुणी शिकवलं?" माझ्या तोंडून निघालं.

"तुमीच," ती म्हणाली. "रोज फळ्यावर तारीख लिवता ना. सहा साल पाहून राहिलो. पोट्ट्यायले इचारत होतो, आज कोनती, आज कोनती. ते तं तुमी रोज बरोबर लिवता."

मी म्हणालो, "पारबताबाई, सुकीचं त्या वेळी मी..." आणि सत्तर सालापासूनचं सगळं सांगून टाकलं. विसावं नाव, पट, साहेब, मारबत. 'तुम्ही भुलला नव्हता, मी खोटं लिहिलं' हेही म्हणालो. उशिरा का होईना, म्हणालो.

ऐकून झाल्यावर तिनं चतकोर घडी करून पुन्हा पदरात बांधला. "मंग मी भुललो नोहतो," ती म्हणाली, माझ्याशी नव्हे, स्वतःशीच. आणि मग मला, "हे तवाच सांगाचं होतं जी."

राग नाही, माफीही नाही. नातीला तिनं पहिल्या रांगेत, फळ्यासमोर बसवलं आणि बाहेर गेली.

दोन दिवसांनी मी निघालो. वळकटी खांद्यावर, पुढे उतार. नवे गुरुजी आत शिकवत होते, तरणेबांड, घाईत असलेले. ओसरीवर पाच झोळ्या हलत होत्या. पारबताबाई भिंतीला टेकलेली, अंगठ्याला दोरी. मी समोर जाऊन उभा राहिलो, हात जोडले. तिनं मान किंचित हलवली, पण नजर माझ्यावर नव्हती. नव्या गुरुजींनी आल्या आल्या फळ्याच्या कोपऱ्यात तारीख घातली होती. ती डोळे बारीक करून एकेक आकडा ओठांत घोळवत होती, आणि शेवटच्या आकड्यापर्यंत बरोबर निघाल्यावरच तिनं पाय हलवला.